हेतूचा शोध की तात्पर्यनिर्णय? : अमेरिकी हस्तक्षेपांविषयीच्या चर्चेची चिकित्सा

१

परराष्ट्रात सैन्य पाठविण्याचा निर्णय अमेरिकेने घेतला की वृत्तपत्रांत, परिसंवादांत आणि विद्यापीठांच्या व्याख्यानमंचांवर एक ठराविक वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, हे सैन्य स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी, पीडितांच्या सुटकेसाठी गेले आहे. दुसरा म्हणतो, ते तेलासाठी, बाजारपेठेसाठी, लष्करी तळांसाठी गेले आहे. इराकवरील नियोजित आक्रमणाविरुद्ध १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातील शेकडो शहरांत मोर्चे निघाले, तेव्हा तेलासाठी रक्त सांडू नका, असे फलकांवर लिहिलेले होते; त्याच महिन्यांत वॉशिंग्टनमधील वक्ते इराकी जनतेच्या मुक्तीची भाषा बोलत होते. वादाचा आवेश एवढा मोठा असतो, की एका मूलभूत गृहीतकावर या दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत आहे हे सहसा ध्यानात येत नाही. ते गृहीतक असे : राज्यसंस्था ही एक व्यक्ती आहे, तिला मन आहे, त्या मनात एक खरा हेतू दडलेला असतो, आणि तो हाती आला की तिच्या कृतीचा अर्थही हाती येतो आणि मूल्यही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे गृहीतक चांगले परिचित आहे. लेखकाचा हेतू हा कलाकृतीच्या अर्थाचा वा मूल्याचा निकष मानण्यात कोणता तर्कदोष आहे, हे विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली दाखवून दिले. १९६७ मध्ये रोलाँ बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि १९६९ मध्ये फूकोने 'लेखक' ही व्यक्ती नसून संहितांच्या व्यवहारात पार पाडले जाणारे एक कार्य आहे, अशी मांडणी केली. या सिद्धांतांची मराठीतही भरपूर पारायणे झाली आहेत. 'कवीला येथे काय म्हणायचे आहे?' असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर त्याची गणना भोळ्या वाचकांत होते. परंतु त्याला भोळा ठरविणारा प्राध्यापक वर्गाबाहेर पडून युद्धाविषयी बोलू लागला, की 'बुशला खरोखर काय हवे होते?' या प्रश्नापाशीच येऊन थांबतो. चौदा ओळींच्या कवितेच्या बाबतीत जी पद्धत त्याज्य, ती लाखो माणसांच्या जीवनमरणाच्या बाबतीत मात्र प्रतिष्ठित, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

या व्यवहारात केवळ विसंगती असती तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. त्यात अधिक गंभीर असे काही आहे. हेतूच्या शोधावर उभा राहिलेला वाद निष्कर्षाला कधीच पोहोचत नाही, आणि तो निष्कर्षाला न पोहोचण्यात सत्तेचाच लाभ असतो.

२

हेतूंचा पुरावा मिळत नाही म्हणून वाद रेंगाळतो, असे नाही. पुरावा मिळाल्यावरही तो रेंगाळतो. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील साहाय्यक सचिव जॉन मॅक्नॉटन यांनी व्हिएतनाममधील उद्दिष्टांची एक टिपणी तयार केली. 'पेंटॅगॉन पेपर्स'मुळे १९७१ साली ती उजेडात आली. तीत हेतूंची चक्क टक्केवारी दिलेली आहे : ७० टक्के, अमेरिकेचा अपमानास्पद पराभव टाळण्यासाठी, २० टक्के, दक्षिण व्हिएतनामचा प्रदेश चीनच्या हाती पडू नये म्हणून, आणि १० टक्के, तेथील लोकांना अधिक चांगले व मुक्त जीवन लाभावे म्हणून. हेतूच्या शोधकाला याहून मोठे घबाड कोणते मिळणार? परंतु या यादीने कोणत्याच पक्षाचे समाधान झाले नाही. स्वातंत्र्याचे भाट त्यातल्या १० टक्क्यांकडे बोट दाखवू शकतात. बाजारपेठेचा सिद्धांत मांडणाऱ्यांना यादीत बाजारपेठच सापडत नाही, म्हणून ते यादीच्याही मागे आणखी एक हेतू कल्पितात. कांदा सोलत जावे तसा हा शोध चालतो आणि शेवटी हाती काही उरत नाही. डोळ्यांना पाणी तेवढे येते.

ग्वाटेमालाचे उदाहरण याहून बोलके आहे. हॅकोबो आर्बेंझ यांच्या निर्वाचित सरकारने १९५२ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा केला आणि युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीची पडीक जमीन ताब्यात घेण्यास सुरुवात केली. १९५४ मध्ये सी.आय.ए.ने घडवून आणलेल्या उठावात ते सरकार कोसळले. हा उठाव कंपनीसाठी झाला की साम्यवादाच्या भयापोटी? श्लेसिंजर आणि किंझर यांच्या १९८२ च्या ग्रंथाने कंपनीची भूमिका ठळक केली; ग्लेइहेसेस यांच्या १९९१ च्या ग्रंथाने साम्यवादाच्या भयाला प्राधान्य दिले. परराष्ट्रमंत्री डलेस यांच्या पूर्वीच्या वकिली संस्थेची ही कंपनी अशील होती, हे खरे. आणि आर्बेंझ पदच्युत झाल्यानंतर लगेच, जुलै १९५४ मध्ये, अमेरिकेच्याच न्यायखात्याने त्या कंपनीविरुद्ध मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला, हेही खरे. इतिहासकारांच्या दृष्टीने हा वाद मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु एका निर्वाचित सरकारला गुप्त कटाने उलथून टाकणे न्याय्य होते काय, या प्रश्नाचे उत्तर या वादाच्या निकालासाठी खोळंबून राहावे, असे कोणी म्हणेल काय? हेतुवादी चर्चा नेमके हेच म्हणत असते.

सत्तेचा लाभ कसा होतो हे पाहायचे तर १९९५ कडे वळावे लागते. व्हिएतनाम युद्धाचे एक प्रमुख सूत्रधार रॉबर्ट मॅक्नमारा यांचे आत्मनिवेदन त्या वर्षी प्रसिद्ध झाले. युद्ध चुकीचे होते, अशी कबुली त्यांनी दिली. तथापि ही चूक मूल्यांची वा हेतूंची नव्हती, निर्णयशक्तीची आणि कुवतीची होती, असा खुलासाही सोबत जोडला. त्याच वर्षी व्हिएतनाम सरकारने आपल्या मृतांचे आकडे जाहीर केले : सुमारे ११ लक्ष लढवय्ये आणि सुमारे २० लक्ष नागरिक. एका पारड्यात हे आकडे आणि दुसऱ्यात हेतूंची शुद्धता, असा तो तराजू होता. आणि कबुलीजबाबाच्या भाषेत दुसरे पारडे जड ठरत होते. ज्यांनी वीस-तीस वर्षे मॅक्नमारांच्या हेतूंवरच हल्ला चढविला होता, त्यांनी हा बचाव स्वतःच्या हातांनी तयार करून ठेवला होता. कारण हेतू वाईट असल्याने कृती वाईट, असा युक्तिवाद एकदा केला, की हेतू चांगला असल्याने कृती क्षम्य, हा प्रतियुक्तिवाद त्याच नाण्याची दुसरी बाजू म्हणून स्वीकारावा लागतो.

आणि हेतू उघडपणे बोलून दाखविला गेला तर? ऑक्टोबर २०१९ मध्ये, सीरियातील काही अमेरिकी सैन्य तेलाच्या रक्षणासाठी मागे ठेवले आहे, असे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच जाहीरपणे सांगितले. पडदा फाडून आतले तेल दाखविणे हेच ज्या समीक्षेचे जीवितकार्य होते, तिचे काम त्या दिवशी संपायला हवे होते. प्रत्यक्षात तिला काही बोलताच येईना. मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांच्या वाचनपद्धतीला रिकरने 'संशयाचे' वाचनशास्त्र म्हटले. संशयाचे हे शास्त्र ढोंगी सत्तेसमोर प्रभावी असते. निर्लज्ज सत्तेसमोर ते निःशस्त्र होते.

३

ललित वाङ्मयाने हा प्रश्न सिद्धांताच्या आधीच, आणि अधिक नेमकेपणाने, हाताळलेला आहे. ग्रॅहम ग्रीनची 'द क्वाएट अमेरिकन' ही कादंबरी १९५५ साली, म्हणजे व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे मोठे सैन्य उतरण्याच्या दहा वर्षे आधी प्रसिद्ध झाली. तिच्यातील पाइल हा तरुण अमेरिकी अधिकारी सत्प्रवृत्त आहे, निःस्वार्थी आहे, पुस्तके वाचून व्हिएतनामला आलेला आहे. वसाहतवाद आणि साम्यवाद यांच्यामध्ये एक 'तिसरी शक्ती' उभी करावी, हा विचार त्याने एका लेखकाच्या ग्रंथांतून घेतला आहे. तो विचार साधण्यासाठी त्याने पुरविलेली स्फोटके सायगावच्या भर चौकात बायकामुलांच्या चिंधड्या उडवितात. उलट, पाइलला थोपविणारा फाउलर हा इंग्रज वार्ताहर शुद्ध हेतूचा मुळीच नाही. पाइलने त्याची प्रेयसी हिरावून घेतली आहे. पाइलच्या हत्येला त्याने केलेल्या साहाय्यात चौकातल्या प्रेतांविषयीची चीड किती आणि मत्सर किती, याचा हिशोब त्याला स्वतःलाही लागत नाही. कादंबरी हा हिशोब वाचकालाही करून देत नाही, आणि तिचे नैतिक सामर्थ्य नेमके येथेच आहे. हेतूची शुद्धता आणि कृतीची योग्यता यांचा सांधा तिने तोडून टाकला आहे. निर्मळ हेतूचा मनुष्य संहारक ठरू शकतो आणि गढूळ हेतूचा मनुष्य योग्य बाजूला उभा राहू शकतो.

या कादंबरीवर मॅन्कीविझने १९५८ साली काढलेल्या अमेरिकी चित्रपटाने काय केले, हे हेतुवादाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे. चित्रपटाने पाइलला स्फोटाच्या आरोपातून मुक्त केले. फाउलरचा मत्सर हाच त्याचा एकमेव हेतू ठरविला आणि साम्यवाद्यांनी त्या मत्सराचा उपयोग करून त्याला फसविले, असे दाखविले. ग्रीनला याचा संताप आला यात नवल नाही. हेतू निश्चित करताच संहितेचा अर्थ उलटा झाला. हेतू उघड करण्याची क्रिया आपोआप सत्याकडे नेते, अशी समजूत असणाऱ्यांसाठी हा धडा पुरेसा आहे.

४

हेतूचा त्याग करावा, असे म्हटले की एक दुसरा मोह पुढे येतो. तो अधिक आधुनिक आणि म्हणून अधिक धोकादायक आहे. हेतू नाही, कर्ता नाही, तर घटनाही नाही. आहे तो केवळ चिन्हांचा खेळ, असे म्हणण्याचा तो मोह. १९९१ च्या आखाती युद्धाच्या आधी, चालू असताना आणि नंतर झाँ बोद्रियार यांनी एका फ्रेंच दैनिकात तीन लेख लिहिले. त्यांपैकी शेवटच्याचे प्रतिपाद्य, हे युद्ध घडलेच नाही, असे होते. त्यांच्या म्हणण्याचा विपर्यास करू नये. दोन पक्षांत खरी झुंज झालीच नाही आणि जगाने जे पाहिले ते दूरचित्रवाणीने रचलेले प्रतिरूप होते, एवढा त्याचा आशय आहे आणि त्यात तथ्यांश आहे. तथापि १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादमधील अमीरिया येथील आश्रयस्थानावर दोन अमेरिकी बाँब पडले आणि आत आसरा घेतलेले चारशेहून अधिक नागरिक मृत्यू पावले. त्या तळघराच्या भिंतींवर प्रतिरूपाचा सिद्धांत लिहिता येत नाही. ख्रिस्तोफर नॉरिस यांनी १९९२ मध्ये बोद्रियारवर जी कठोर टीका केली, तिचा गाभा हाच होता : सत्य आणि असत्य यांतील भेदच ज्याने सोडून दिला, त्याच्याजवळ खोटे उघड करण्याचे कोणतेही साधन उरत नाही.

आणि खोटे होतेच. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या एका मानवाधिकारविषयक मंडळापुढे एका पंधरा वर्षांच्या मुलीने साक्ष दिली, की कुवेतच्या रुग्णालयात इराकी सैनिकांनी अर्भकांना उबदार पेट्यांतून काढून जमिनीवर टाकले. युद्धाच्या बाजूने लोकमत वळविण्यासाठी ही कथा पुनःपुन्हा सांगितली गेली. साक्ष देणारी मुलगी कुवेतच्या राजदूताची कन्या होती आणि साक्षीमागे एका जनसंपर्क कंपनीची योजना होती, हे जानेवारी १९९२ मध्ये, म्हणजे युद्ध संपून बरेच महिने उलटल्यावर, प्रसिद्ध झाले. ही कथा खोटी ठरली ती कोणाच्या अंतःकरणात डोकावल्याने नव्हे. कोण बोलले, कोठे बोलले, कोणाच्या खर्चाने बोलले आणि रुग्णालयातील वस्तुस्थिती काय होती, या प्रश्नांनी ती खोटी ठरली. हे सर्व प्रश्न संहितेच्या चिकित्सेचे आहेत.

५

तेव्हा हेतूचा त्याग करूनही अर्थाचा आणि उत्तरदायित्वाचा त्याग न करणारी वाचनपद्धती कोणती? ती शोधण्यासाठी पॅरिसला जाण्याची आवश्यकता नाही. तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा, अशी नैयायिकांची व्याख्या होती. मीमांसकांना ती परवडण्यासारखी नव्हती. कारण त्यांच्या मते वेद अपौरुषेय, त्याला वक्ताच नाही. वक्ता नसलेल्या संहितेचे तात्पर्य कसे ठरवायचे? मीमांसकांच्या परंपरेतून आलेली आणि वेदान्त्यांनीही हाताळलेली तात्पर्यनिर्णयाची सहा लिंगे हे त्या अडचणीचे उत्तर आहे : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या 'गीतारहस्या'त गीतेचे तात्पर्य ठरविताना याच कसोट्या पुढे ठेवल्या, हे सर्वश्रुत आहे. आधुनिक राज्यसंस्था अपौरुषेय नाही. परंतु तिचा निर्णय असंख्य खाती, समित्या, मसुदे आणि मतदाने यांतून आकाराला येतो आणि त्या अर्थाने त्यालाही एकच एक वक्ता नसतो. म्हणून ही कसोटी तिला लागू करण्यात काही अतिरेक नाही. २००३ च्या इराक युद्धाची संहिता त्या दृष्टीने वाचून पाहावी.

उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता ही पहिली कसोटी. फेब्रुवारी २००३ मध्ये कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा समितीपुढे केलेल्या मांडणीचा विषय शस्त्रास्त्रे हा होता. शस्त्रे सापडेनात, तसतसा लोकशाहीचा प्रसार हा विषय पुढे सरकला आणि नोव्हेंबर २००३ मधील बुश यांच्या भाषणात तो मध्यवर्ती झाला. आरंभ एका विषयाने आणि समाप्ती दुसऱ्याने, अशा संहितेत एकवाक्यता नाही, असा निर्णय कोणताही मीमांसक देईल. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. या संहितेत पुनःपुन्हा येणारा शब्दप्रयोग 'सर्वसंहारक शस्त्रे' हा होता. विषारी वायू, रोगजंतू आणि अणुबाँब या अत्यंत भिन्न शक्तीच्या गोष्टी त्याने एका पोत्यात बांधल्या. त्यामुळे एकाविषयीचा संशय दुसऱ्याविषयीच्या भयात बेमालूम मिसळता आला. अपूर्वता म्हणजे अन्य प्रमाणांनी न कळलेले, या संहितेनेच प्रथम सांगितलेले. ते सप्टेंबर २००२ च्या राष्ट्रीय सुरक्षाविषयक धोरणपत्रात आहे : धोका पूर्ण आकाराला येण्यापूर्वीच प्रहार करण्याचा अधिकार. स्वातंत्र्याची भाषा जुनी होती, तेलाची गरजही जुनी होती. नवे होते ते हे. हेतूंच्या गदारोळात सर्वांत कमी चर्चा झाली ती या नव्या विधानाचीच.

उपपत्ती म्हणजे युक्तिवादाची संगती. निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा समितीला सांगितले, की उरलेल्या कामाला आठवडे किंवा वर्षे लागणार नाहीत, महिने लागतील. ते महिने दिले गेले नाहीत. दोन आठवड्यांच्या आत आक्रमण सुरू झाले. ज्या युक्तिवादाने स्वतःची परीक्षाच टाळली, त्याला उपपत्ती म्हणता येत नाही. मग तो मांडणाऱ्याचा त्यावर विश्वास असो वा नसो. २००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने शस्त्रांचे साठे नसल्याचा अहवाल दिला, त्यापूर्वीही हा दोष तितकाच स्पष्ट होता.

फल ही कसोटी सर्वांत कडक आहे. मे २००३ मध्ये हंगामी प्रशासनाने काढलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या आदेशाने इराकी सैन्य विसर्जित झाले. सप्टेंबर २००३ च्या ३९ व्या आदेशाने बहुतेक क्षेत्रांत शंभर टक्के परकीय मालकीला परवानगी मिळाली. येथे तेलवाद्याची पंचाईत होते, कारण याच आदेशाने नैसर्गिक संपत्तीच्या उत्खननाचे क्षेत्र वगळले आहे. त्यामुळे मुक्तीवाद्याला जोर चढतो. परंतु आदेश वाचणाऱ्याला दिसते ते असे, की इराकी मतदारांनी न निवडलेल्या प्रशासनाने त्या देशाचा आर्थिक कायदाच बदलला. १९०७ च्या हेग नियमावलीतील ४३ वे कलम व्यापक सत्तेला नव्हे, व्याप्त प्रदेशावर ताबा असलेल्या सत्तेला उद्देशून आहे : अगदीच अशक्य असल्याखेरीज तिने तेथील प्रचलित कायद्यांचा मान राखावा. हा आरोप सिद्ध करण्यासाठी कोणाचेही मन उघडून पाहावे लागत नाही. तसेच, एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या तेल मंत्रालयावर अमेरिकी पहारा होता, राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात होते आणि राष्ट्रीय ग्रंथालय जळत होते. पहारा कोठे उभा केला, हे वाचता येते. तो उभा करणाऱ्याच्या मनात काय होते, हे वाचण्याची गरज नाही.

उरतो तो अर्थवाद, आणि येथेच सर्व चर्चेची किल्ली आहे. मीमांसेत अर्थवाद म्हणजे स्तुतिपर वा निंदापर वचन. त्याला स्वतंत्र प्रामाण्य नसते. एखाद्या विधीकडे प्रवृत्त करणे किंवा निषिद्ध गोष्टीपासून परावृत्त करणे, एवढ्यापुरतेच ते अर्थपूर्ण असते. डिसेंबर १९८९ मध्ये पनामावर केलेल्या स्वारीचे 'न्याय्य कारण' हे नाव, २००३ च्या स्वारीचे 'इराकी स्वातंत्र्य' हे नाव, २००२ मधील 'दुष्ट अक्षा'ची प्रतिमा, अर्भकांची ती कथा, ही सर्व अर्थवादाची रूपे आहेत. हेतूंची जाहीर भाषा ही मुळात अर्थवाद आहे. सी. राइट मिल्स यांनी १९४० मध्येच दाखविले होते, की हेतू म्हणजे मनातील गुप्त स्प्रिंग नसून, 'असे का केले?' या प्रश्नाला त्या त्या समाजात मान्य होणाऱ्या उत्तरांचा शब्दसंग्रह होय. विधी अन्यत्र असतो : काँग्रेसच्या ठरावात, धोरणपत्रात, क्रमांकित आदेशात. हेतुवादी वादाचे दोन्ही पक्ष अर्थवादालाच विधी समजून भांडतात. एक त्याची स्तुती खरी मानतो, दुसरा तिच्या जागी निंदा ठेवतो. विधी मात्र दोघांच्याही नजरेतून निसटतो.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. हेतू वगळला तर अपघात आणि खून यांत भेद कसा करायचा? १९४८ च्या करारानुसार वंशसंहाराचा गुन्हा तर हेतूवाचून सिद्धच होत नाही. आक्षेप योग्य आहे. परंतु न्यायालये हेतू सिद्ध कसा करतात, हे पाहिले पाहिजे. आदेश, कृतींची पुनरावृत्ती, पूर्वज्ञान आणि परिणाम यांवरून ती हेतूचे अनुमान करतात. अशा प्रकारे अनुमित झालेला हेतू आणि सहा लिंगांनी निश्चित झालेले तात्पर्य यांत तत्त्वतः अंतर नाही. त्याज्य आहे तो पुराव्याच्या आधी गृहीत धरलेला, अंतःकरणात राहणारा आणि शुद्ध-अशुद्ध ठरणारा हेतू. टिळकांनीच 'गीतारहस्या'त कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानली, याचीही येथे आठवण दिली जाईल. ते प्रतिपादन व्यक्तीच्या नीतीविषयी आहे. व्यक्तीला बुद्धी असते आणि ती शुद्ध करण्याची साधना असते. राज्यसंस्थेला खाती असतात. तिला चित्तशुद्धी कोठून येणार?

६

या पद्धतीची खरी परीक्षा ती स्वतःच्या घरात लावली जाते तेव्हा होते. डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय सैन्य पूर्व बंगालमध्ये गेले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीनेही सुरक्षा समितीत आपल्या हेतूंच्या निर्मळपणाची ग्वाही दिली होती. अमेरिकेने त्या ग्वाहीवर विश्वास ठेवला नाही आणि विमानवाहू 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागराकडे धाडली. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये भारताच्या या कृतीचा विचार करताना तिचे हेतू मिश्र होते हे मान्य केले आणि तरीही तिला मानवतावादी हस्तक्षेपाचे उदाहरण मानले. कारण पीडितांचे हित आणि हस्तक्षेप करणाऱ्याची कृती यांची दिशा एकच होती आणि भारतीय सैन्य तेथे मुक्काम ठोकून राहिले नाही. मार्च १९७२ पर्यंत ते परतले. फल आणि उपसंहार याच कसोट्यांनी भारताची बाजू टिकते. हेतूंच्या कसोटीवर ती टिकत नाही, कारण पाकिस्तान दुभंगण्यात भारताचे हित होते हे नाकारता येणार नाही. अमेरिकेला हेतूने मोजणारा भारतीय टीकाकार स्वतःच्या देशाच्या सर्वांत समर्थनीय युद्धाचेही समर्थन अशक्य करून ठेवतो. नाहीतर एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, असा व्यवहार त्याला करावा लागतो.

दुसरी दोन उदाहरणे इतकी सुखद नाहीत. जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारच्या अनुमतीने आखाताशी संबंधित अमेरिकी लष्करी विमाने मुंबईसह काही भारतीय विमानतळांवर इंधन भरत होती. काँग्रेसच्या विरोधानंतर फेब्रुवारीत ही सोय बंद झाली. अमेरिकेच्या हेतूंवर तावातावाने बोलणाऱ्या मुंबईत इंधनाची ती परवानगी हाच वाचण्याजोगा दस्तऐवज होता. एप्रिल २००३ मध्ये भारतीय संसदेने इराक युद्धाविषयी ठराव केला. हिंदी ठरावात 'निंदा' हा शब्द आला आणि इंग्रजी प्रतीत कठोर निषेधाचा शब्द टाळून नापसंतीचा सौम्य शब्द योजला गेला. एकाच ठरावाच्या दोन भाषांत दोन भूमिका मावल्या : एक घरच्या श्रोत्यांसाठी, एक बाहेरच्या. मराठी कानाला तर 'निंदा' हा शब्द पाठीमागे केलेल्या कुटाळकीच्या जवळ जातो. सरकारच्या मनात काय होते, यावर तेव्हा अग्रलेख लिहिले गेले. दोन शब्दांमधल्या त्या फटीत भारताचे परराष्ट्रधोरण स्वच्छ दिसत होते. ते वाचण्याचे प्रशिक्षण ज्यांना मिळालेले असते, ते भाषेचे आणि वाङ्मयाचे अभ्यासक.

म्हणूनच या चर्चेत वाङ्मयसमीक्षकाचे स्थान प्रेक्षकाचे नाही. युद्धे शब्दांनी सुरू होतात. ७ ऑगस्ट १९६४ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव ४१६ विरुद्ध ० मतांनी आणि सेनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी संमत केला. 'सर्व आवश्यक उपाय' योजण्याची जी मुभा त्यातून राष्ट्राध्यक्षांना मिळाली, तिच्या आधारावर पुढची अनेक वर्षे युद्ध चालले. विरोधात मत देणाऱ्या मोर्स आणि ग्रूनिंग या दोघा सेनेटरांना जॉन्सनचे अंतःकरण इतरांहून अधिक दिसले होते, असे समजण्याचे कारण नाही. मिळणाऱ्या अधिकाराला ठरावात सीमा नाही, हे त्यांनी पाहिले होते. मतदानापूर्वी पाहता येण्यासारखे तेवढेच होते, आणि ते पुरेसे होते. हेतू कळतात ते दस्तऐवज खुले झाल्यावर, आत्मचरित्रे प्रसिद्ध झाल्यावर. तोवर प्रेते पुरली गेलेली असतात. ठरावाचा मजकूर मात्र त्याच दिवशी हाती असतो.